लेबल छापा, डबा नंतर बघू

अभिनंदन, तुमची बदली झाली आहे. चाकणच्या कारखान्यात अडकलेला प्रिंटर तुम्ही टिचकी मारून सुरू केलात, ते कुणीतरी पाहिलं, आणि तेव्हापासून तुम्ही कंपनीचे लेबलतज्ज्ञ आहात. आता चेन्नईजवळ ओरगडमला नवी लाइन उभी राहते आहे आणि तिथं एक 'छोटंसं काम' आहे. ऑपरेटर पडद्यावरच्या फॉर्ममध्ये माहिती भरेल, बटण दाबेल, शेजारच्या प्रिंटरमधून लेबल निघेल, ते डब्यावर चिकटेल आणि डबा ट्रकमध्ये चढेल. दोन दिवसांचं काम. साहेबांनी मेलमध्ये तसं लिहिलं आहे आणि परतीचं तिकीटही त्याच हिशेबानं काढलं आहे. ते पुढं ढकलायची रीत या मार्गदर्शिकेत नाही; विमान कंपनीकडे चौकशी करा.

मार्गदर्शिका निव्वळ नवशिक्यांसाठी आहे. स्काडा म्हणजे काय हे माहीत नसलं तरी अडत नाही. कारखान्यातली यंत्रं, मापं, अलार्म एका पडद्यावर आणणारं सॉफ्टवेअर म्हणजे स्काडा. ते बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर भट्ट्या, पंप आणि वीजकेंद्रं होती. दहा सेंटिमीटरचा चिकट कागद नव्हता. तुम्हाला त्यातून नेमका तोच कागद काढायचा आहे. ध्येय एकच: लेबल निघालं पाहिजे. त्यावर लिहिलेलं खरं आहे का, हा विषय दुसऱ्या खात्याचा. कोणत्या खात्याचा ते विचारू नका, नाहीतर तो तुमचा होईल.

१. जागा समजून घ्या

चेन्नईला बदली झाली म्हणून संध्याकाळी मरीनाच्या वाळूत बसाल, असं घरी सांगितलं असेल तर शब्द मागे घ्या. कारखाने गावात राहिलेले नाहीत. गिंडीची औद्योगिक वसाहत १९५८ची, अंबत्तूरची साठच्या दशकातली. त्या दोन्ही आता शहरानं गिळल्या आहेत. १९९८ साली इरुंगाट्टुकोट्टैला ह्युंदाईच्या गाड्या बनू लागल्या आणि तिच्या मागोमाग सुटे भाग पुरवणाऱ्यांची रांग श्रीपेरंबदूरच्या रस्त्याला लागली. रामानुजाचार्यांच्या जन्मगावी आज बंपर, काचा आणि वायरिंगच्या जुड्या जन्माला येतात. ओरगडम त्याच पट्ट्यात येतं. तुमचं हॉटेलही तिथंच असेल, आणि समुद्राची तुमच्याशी ओळख केवळ हवेतल्या दमटपणातून होईल. त्या दमटपणाचा लेबलाच्या गोंदाशी काय संबंध आहे ते पुढं येईलच.

अंबत्तूरला एखाद्या जुन्या वर्कशॉपात गेलात तर डब्यावर मार्करनं लिहिलेला नंबर अजून दिसेल. वर्कशॉपच्या मालकाला तो वाचता येतो, ट्रकवाल्याला वाचता येतो, घेणाऱ्यालाही वाचता येतो. अशा जागी फार वेळ थांबू नका. मनोधैर्य खचतं.

२. फॉर्म बनवा, आणि भरपूर लाल चांदण्या लावा

फॉर्म पुण्यात बसून बनवलेला असतो. त्यात लेबलाला लागणारे सहा रकाने आणि कुणालाच न लागणारे चौदा रकाने असतात. एकही काढू नका. प्रत्येक रकाना कुठल्या तरी बैठकीत कुणीतरी मागितलेला आहे आणि ते कुणीतरी आता व्हाइस प्रेसिडेंट आहेत. उलट प्रत्येकापुढं लाल चांदणी लावा, म्हणजे रकाना भरल्याशिवाय बटण उजळणार नाही. यानं माहिती पूर्ण मिळते. खरी मिळते असं कुणी म्हटलेलं नाही.

ऑपरेटरच्या नावापासून सुरुवात करू. तमिळनाडूत आडनाव लावायची रीत बहुतेकांकडे नाही. वडिलांच्या नावाचं आद्याक्षर पुढं, मग स्वतःचं नाव, संपलं. तुमच्या फॉर्ममध्ये मात्र नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असे तीन चौकोन आहेत, तिन्हींवर चांदण्या. समजा, समोर एस. मुरुगन बसले आहेत. आडनावात काय लिहायचं, असं ते पहिल्या दिवशी तुम्हाला विचारतील. तुम्ही "बघतो, कळवतो" म्हणाल. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा विचारतील. तिसऱ्या दिवशी ते त्या चौकोनात टिंब देतील आणि बटण उजळेल. ही बातमी चहाच्या सुट्टीत पसरते. महिनाअखेरीला अख्ख्या शिफ्टचं आडनाव टिंब असेल आणि पुण्यातलं एचआर खातं एकाच घराण्यातली इतकी माणसं कशी घेतली म्हणून विचारणा करेल.

वजनाचा रकाना काट्याला जोडा. काट्यापासून संगणकापर्यंत एक सीरियल केबल येते आणि ती फोर्कलिफ्टच्या वाटेतूनच येते, दुसरी वाट कारखान्यात नसते. केबल तुटली की वजन शून्य येतं. शून्य चालत नाही, चांदणी आहे. मग ऑपरेटर कालच्या डब्याचं वजन हातानं टाकतो. यात वाईट वाटून घेऊ नका. कालचा डबा आजच्या डब्याइतकाच भरलेला होता. एकदा हातानं टाकायची सोय ठेवली की केबल दुरुस्त करायला कुणी येत नाही, म्हणजे देखभालीचाही खर्च वाचतो.

आता तज्ज्ञांचा खास सल्ला. 'तपासणी पूर्ण, माल ठीक' या चौकोनात फॉर्म उघडतानाच बरोबरची खूण करून ठेवा. हातमोजे तेलकट असतात, टचस्क्रीन तीनदा दाबल्याशिवाय ऐकत नाही, आणि शिफ्टभर दर डब्यामागं एक स्पर्श वाचला तर केवढा वेळ वाचतो याचा तक्ता करून वर पाठवा. याला कायझन म्हणतात. तुमचा फोटो फळ्यावर लागेल. माल ठीक नसेल तर ऑपरेटरनं आठवणीनं खूण काढायची आहे. तसं प्रशिक्षण दिल्याची सही सगळ्यांकडून घेऊन ठेवा. आडनावाच्या जागी टिंब असेल तरी सही ग्राह्य धरतात.

३. स्क्रिप्ट लिहू नका, मिळवा

स्वतः स्क्रिप्ट लिहिणं हे उतावीळपणाचं लक्षण. कंपनीत कुठंतरी, कुणाच्या तरी जुन्या लॅपटॉपवर ती आहेच. जिनं लिहिली ती व्यक्ती आता बंगळुरात दुसरीकडे आहे. मजकुरात मधे एक ओळ असेल: 'ही ओळ काढू नका, का ते माहीत नाही.' काढू नका.

भाषेचं विचाराल तर दोनच शक्यता. एक म्हणजे व्हीबीस्क्रिप्ट, जिची निवृत्ती मायक्रोसॉफ्टनं ऑक्टोबर २०२३मध्ये जाहीर केली. दुसरी पायथनची २.७ आवृत्ती, जिचा सांभाळ १ जानेवारी २०२०पासून बंद आहे. दोघी कारखान्यात ठणठणीत आहेत. कारखान्यातलं सॉफ्टवेअर बदलायचं तर लाइन थांबवावी लागते, आणि लाइन कशी थांबवायची हे कुणालाच ठाऊक नसतं.

लेबलप्रिंटरची स्वतःची वेगळी भाषा असते. झेब्राच्या प्रिंटरांची झेडपीएल सगळ्यात जास्त चालते. तिच्यात बहुतेक आज्ञांच्या डोक्यावर एक टोपी (^) असते. टोपी-एक्स-ए म्हटलं की लेबल सुरू, टोपी-एक्स-झेड म्हटलं की संपलं. मधल्या आज्ञांमध्ये कुठला मजकूर डावीकडून किती ठिपक्यांवर आणि वरून किती ठिपक्यांवर, हे सांगायचं. इंचाला २०३ ठिपके छापणाऱ्या प्रिंटरवर एका मिलिमीटरला ८ ठिपके पडतात. फूटपट्टी घ्या, लेबल मोजा, आठानं गुणा. हे एकच गणित तुम्हाला आयुष्यभर पुरेल, म्हणजे खरेदी खातं स्वस्तात मिळाला म्हणून ३०० ठिपक्यांचा प्रिंटर आणेपर्यंत. मग तेच लेबल दोन-तृतीयांश आकाराचं होऊन एका कोपऱ्यात बसेल. 'कागदाची बचत' असं अहवालात लिहा.

शेऱ्याच्या रकान्यावर नजर ठेवा, किंवा ठेवू नका. एखाद्यानं त्यात सहज टोपीचं चिन्ह टाकलं की प्रिंटरला तो शेरा वाटत नाही, हुकूम वाटतो. टोपीनंतर पी आणि क्यू ही अक्षरं आणि पुढं पाचशेचा आकडा आला, तर त्याच लेबलाच्या पाचशे प्रती निघतात. हे कळल्यावर रात्रपाळीला काय होतं ते आपण लिहिण्याची गरज नाही.

सुट्या भागांची यादी तुम्हाला एक्सेलमध्ये मिळेल. एक्सेल फार समजूतदार असतं. भाग क्रमांक शून्यानं सुरू होत असेल तर ते बिनकामाचं शून्य गाळतं. भाग क्रमांक १२ई४५ असेल तर त्याला तुम्ही बारावर पंचेचाळीस शून्यं म्हणत आहात असं वाटतं आणि ते तशी मांडणी करतं. त्या नंबरचं लेबल सुरेख छापून येतं, स्कॅनही होतं. एवढा मोठा नंबर असलेला भाग गोदामात सापडत नाही, इतकंच.

४. तारीख

हिच्यासाठी दोन दिवसांतला एक राखून ठेवा आणि परतीचं विमान तिच्याच हिशेबानं निवडा.

सर्व्हर ज्यानं बसवला त्यानं देशाच्या जागी अमेरिका तसंच ठेवलेलं असतं. तिथं महिना आधी, दिवस नंतर. ऑपरेटर ३ एप्रिल लिहितो, स्क्रिप्ट ४ मार्च वाचते. दोन्ही तारखा कॅलेंडरात आहेत, म्हणून कुणाचीच तक्रार नसते. महिन्याच्या १२ तारखेपर्यंत सगळं सुरळीत. १३ तारखेला सकाळी सहाला स्क्रिप्टला तेरावा महिना सापडत नाही आणि लाइन उभी राहते. म्हणून पहिल्या आठवड्यात कामाला हात घाला, १२च्या आत स्वीकृतीच्या सह्या घ्या, आणि १३ला सकाळी विमानात असा. डब्यांत रबरी ऑइल सील असतील तर जास्तच मजा आहे. रबराला मुदत असते, आणि तारखेची उलटापालट झाली की ती मुदत कधी लांबते, कधी माल बनायच्या आधीच संपते.

रात्रपाळीचा घोळ आणखी गोड. सी शिफ्ट रात्री दहाला सुरू होऊन सकाळी सहाला संपते, आणि तिचा सगळा माल आदल्या दिवसाच्या तारखेला धरायची कारखान्यांत रीत आहे. बारा वाजले की घड्याळ तारीख बदलतं, माल बदलत नाही. हे नीट बसवायचं तर स्क्रिप्टमध्ये चार ओळी लागतील. तसं करण्याआधी सर्व्हरचं घड्याळ बघा. ते बहुधा ग्रिनिचच्या वेळेवर असेल, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. त्याच्या दृष्टीनं पहाटे साडेपाचपर्यंत कालचाच दिवस चालू असतो. म्हणजे दोन चुकांनी मिळून तुमचं काम केलं आहे आणि फक्त साडेपाच ते सहाचा अर्धा तास उरला. त्या वेळात चहा द्या. ओरगडममध्ये चहाची गाडी वेळेवर येते.

५. कोडाची जात निवडा

इथं थोडा इतिहास पाठ करा, साहेबांना ऐकवायला उपयोगी पडतो. नॉर्मन जोसेफ वुडलंड नावाच्या अमेरिकन माणसानं मायामीच्या वाळूत बोटांनी मोर्सची टिंबं आणि रेघा खाली ओढल्या आणि त्याला बारकोड सुचला. पेटंट मिळालं १९५२ साली. दुकानात पहिला बारकोड वाचला गेला तो २६ जून १९७४ला, ओहायोतल्या ट्रॉय गावी, च्युइंगगमच्या पाकिटावरचा. बावीस वर्षं. तुमचं दोन दिवसांचं काम तिसऱ्या महिन्यात गेलं की हे आकडे शांतपणे पुढं करा.

क्यूआर कोड तर आपल्याच धंद्यातून निघाला आहे. एका बारकोडात वीसेक अक्षरं मावायची, म्हणून जपानी कारखान्यांत एकाच डब्यावर कित्येक बारकोड चिकटवायचे आणि कामगारांनी ते एकेक करून स्कॅन करत बसायचं. १९९४ साली डेन्सोमधल्या मासाहिरो हारा यांच्या चमूनं मोटारीच्या सुट्या भागांसाठी हा चौकोनी कोड तयार केला. त्यात सात हजारांवर अंक मावतात. आज गेटबाहेरचा चहावाला त्यावर तुमचे बारा रुपये घेतो, आणि त्याचा कोड वाफ, तेल, ऊन यांच्यात राहूनही पहिल्या फटक्यात लागतो.

तुमचा का लागत नाही, ते सांगतो. क्यूआरभोवती त्याच्याच चार घरांइतकी कोरी जागा सोडावी लागते. त्या जागेला मार्केटिंगवाले 'रिकामी जागा' म्हणतात आणि तिथं कंपनीचा लोगो टाकायला सांगतात. टाका. चुका सावरायची ताकद सगळ्यात वरची ठेवली तर कोडाचा तीसेक टक्के भाग खराब झाला तरी वाचता येतो. ही सवलत खरं तर ग्रीससाठी आहे, पण कोडावर चढलेल्या लोगोनं आधीच घेतलेली असते.

यानंतरची पायरी सगळ्या मार्गदर्शिकेचा कळस आहे, जरा सावकाश वाचा. लेबल छापून झालं की ऑपरेटरनं ते स्कॅन करायचं आणि यंत्रणेनं ते फॉर्ममधल्या माहितीशी ताडून बघायचं. जुळलं तर पडद्यावर मोठा हिरवा दिवा. लेबल त्याच फॉर्ममधून छापलेलं आहे, तेव्हा ते जुळतंच. आजवर न जुळल्याचं उदाहरण नाही. दिवसाला हजार डबे, हजार हिरवे दिवे, अचूकता शंभर टक्के. हा तक्ता साहेब जपानी पाहुण्यांना दाखवतात. डब्यात उजवा आरसा आहे की डावा, हे या दिव्याला कळायची काही सोय नाही आणि त्यानं ते कधी सांगितलेलंही नाही. आपणच त्याच्याकडून अपेक्षा ठेवतो.

६. प्रिंटर शोधा

तुमच्या लॅपटॉपवर सगळं चाललं होतं ना? साहजिक आहे. तिथं सर्व्हरही तुम्हीच होता, ऑपरेटरही तुम्हीच आणि प्रिंटर मांडीजवळ. कारखान्यात पडदा ऑपरेटरपुढं ब्राउझरमध्ये उघडतो, स्क्रिप्ट मात्र सर्व्हरवर चालते. 'डिफॉल्ट प्रिंटरवर छाप' म्हटलं की ती स्वतःचा डिफॉल्ट प्रिंटर शोधते. तो असतो ऑफिसच्या इमारतीत, अकाउंट्समध्ये, ए-फोर कागदाचा. त्याला झेडपीएल कळत नाही. तो टोप्यांसकट सगळा मजकूर प्रामाणिकपणे कागदावर छापतो. अकाउंट्समधल्या बाई ते कागद पंच करून फाइलला लावतात. त्यांच्याकडे अशा दोन फाइली झाल्या की मगच तुम्हाला फोन येतो.

कधी त्याहून वाईट घडतं. सर्व्हरचा डिफॉल्ट 'पीडीएफ करा' असा असतो. मग तो कुणाचीच नजर जात नाही अशा पडद्यावर खिडकी उघडतो, 'फाइलला काय नाव देऊ?' असं विचारतो आणि उत्तराची वाट बघत राहतो. इकडं ऑपरेटर सांगतो, "सार, प्रिंट वरलै." प्रिंट आलेली नाही. तुम्ही "टू मिनिट्स अण्णा" म्हणा. हे वाक्य तुम्हाला इथल्या सगळ्या इमारतींत उपयोगी पडेल.

उपाय माहीतगार सांगतातच: प्रिंटरच्या आयपी पत्त्यावर थेट ९१०० क्रमांकाच्या पोर्टला मजकूर पाठवा. चालतं. आयटीवाल्यांनी त्या प्रिंटरला कायमचा पत्ता दिलेला नसला तर पुढच्या वेळी वीज जाऊन आल्यावर तो पत्ता दुसऱ्याच प्रिंटरकडे जातो आणि दाराच्या कुलपांची लेबलं वायपरच्या लाइनवर निघू लागतात. वायपरवाले ती लावतात. त्यांच्याकडेही हिरवा दिवा लागतो.

७. एकदाच दाबा

बटणावर 'कृपया एकदाच दाबा' असं तमिळमध्ये लिहून घ्या. आधी तमिळ अक्षरं पडद्यावर नीट दिसतात का ते बघा. चौकोनच दिसत असतील तर चौकोनांवरही कुणी दुसऱ्यांदा दाबणार नाही असं समजू नका.

प्रिंटर बंद असताना माणूस एकदा दाबतो, थांबतो, जरा जोरात दाबतो, शेजारच्याला बोलावतो, शेजारचा दाबतो, सुपरवायझर येऊन "असं नाही, असं" म्हणत दाबतो. सगळ्या आज्ञा रांगेत उभ्या राहतात. कुणीतरी रिबन बदलून प्रिंटर चालू केला की चौदा लेबलं एकापाठोपाठ बाहेर येतात, सगळ्यांवर एकच अनुक्रमांक. ती फेकून द्यायला हवीत. पण ती छान चिकट आहेत आणि पुढचे तेरा डबे समोरच आहेत.

८. हवा, खंडेनवमी आणि तंजावर

चेन्नईच्या मे महिन्यातल्या, 'कत्तिरी' म्हणतात त्या कडक उन्हात ट्रकच्या हौद्यात काय होतं याचा विचार करा. डायरेक्ट थर्मल लेबल म्हणजे उष्णतेनं काळा पडणारा कागद. प्रिंटर त्याला हवं तिथं चटका देतो, ऊन नको तिथं देतं. इरुंगाट्टुकोट्टैच्या गेटवर रांगेत चार तास उभा राहिलेला डबा जवळजवळ पूर्ण काळं लेबल घेऊन आत जातो. त्यावरची माहिती मात्र गुप्त राहते. पावसाळ्यात उलटं: दमट हवेनं कागद फुगतो, गोंद सुटतो, कडा उचलतात. डिसेंबर २०२३मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या वेळी अंबत्तूरच्या कारखान्यांत पाणी शिरलं, तेव्हा कागदी लेबलं आणि मेणाची रिबन वापरणाऱ्यांचा साठा बिननावाचा झाला. पॉलिस्टरवर रेझिनच्या रिबननं छापलेलं टिकतं. ते महाग असतं, म्हणून त्याचं कोटेशन मागवतात आणि मग मेणाची घेतात.

खंडेनवमीला इथं आयुधपूजा असते, आणि ती मनापासून होते. यंत्रं धुऊन-पुसून त्यांना विभूती, चंदन, कुंकू लावतात, फाटकाला केळीचे खांब बांधतात, कुंकू भरलेला कोहळा रस्त्यावर फोडतात आणि सगळ्यांना चुरमुरे-डाळं वाटतात. तुमच्या प्रिंटरलाही मान मिळेल. नाही म्हणू नका. फक्त झाकण बंद ठेवा. चंदनाचं बोट लागलेल्या प्रिंटहेडवर दसऱ्यापासून पुढं सगळ्या लेबलांत एक उभी पांढरी रेघ येते, ती नेमकी बारकोडातून जाते, आणि ती पुसून काढायची हिंमत पोंगलपर्यंत कुणाला होत नाही.

रविवार मोकळा मिळाला तर गाडी करून तंजावरला जा. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ साली भोसल्यांचा सगळा इतिहास मराठीत कोरून घेतला आहे. मजकूर लांबलचक, माध्यम दगड, रिबन लागत नाही. रीप्रिंटचं बटण नसल्यानं आधी मजकूर तपासून घेतला असणार, अशी माझी समजूत आहे. परत आलात की हे सुचवू नका, कोटेशन मागवतील.

९. किंमत बदलली की

बाजारात जाणाऱ्या सुट्या भागांच्या पाकिटांना वैधमापन शास्त्राचे २०११चे नियम लागू होतात: बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, मालाचं नाव, नग, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रार कुठं करायची ते. २२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे दर बदलले, मोटारीच्या भागांवरचा कर १८ टक्क्यांवर आला, आणि जुन्या साठ्यावर नव्या किमतीचा स्टिकर लावायला मुभा मिळाली. जुनी किंमत झाकायची नाही, अशी अट होती. म्हणजे लेबलाशेजारी लेबल. पाकीट अंगठ्याएवढ्या ऑइल सीलचं असेल तर दुसरं लेबल पहिल्यावर चढल्याशिवाय बसत नाही. अशा वेळी पाकीट मोठं करा.

१०. ऑडिट आणि फोन

आयएटीएफ १६९४९चे ऑडिटर येतील तेव्हा घाबरू नका. ते एक लेबल उचलतात, अनुक्रमांक वाचतात आणि मागोवा घ्यायला सांगतात. तुम्ही फॉर्म दाखवा. ऑपरेटर: मुरुगन टिंब. वजन: कालचंच. तपासणी: खूण आहे. पडताळणी: हिरवी. सगळं एकमेकांशी जुळतं, ऑडिटर मान हलवतात. डबा उघडायला ते सहसा सांगत नाहीत. डबा उघडला तर सील तुटतं, सील तुटलं तर नवं लेबल लागतं, नव्या लेबलाला नवा फॉर्म लागतो, आणि त्यांना सहाची फ्लाइट असते.

फोन येतो तो ग्राहकाच्या गोदामातून, आणि तो ऑडिटनंतर आठवड्याभरात येतो. चाळीस डब्यांवर 'उजवा आरसा' लिहिलं आहे, आत डावे आहेत. तुम्ही पहिला प्रश्न विचाराल, "लेबल स्कॅन होतंय का?" होत असेल तर तांत्रिकदृष्ट्या तुमचं काम चोख आहे, असं मेलमध्ये लिहा आणि साहेबांना कॉपीत ठेवा. मग जाऊन लेबलं काढा. नखानं निघत नाहीत. नेमका याच वेळी गोंद उत्तम ठरतो. गोदामाच्या शेडमध्ये दोन तंबी सोबत घ्या, गरम हवेनं कोपरा सैल करा, पट्टीनं सावकाश ओढा. स्टोअरमध्ये हेअर ड्रायर मागितला तर हसतील; मागणीपत्रात 'हीट गन' लिहा. मागणीपत्र ऑनलाइन आहे, सोळा रकाने आहेत, सगळ्यांवर चांदण्या आहेत. हीट गन मिळते, पण तिच्यावर मालमत्ता क्रमांकाचं लेबल चिकटवल्याशिवाय ती स्टोअरच्या खिडकीतून बाहेर सोडत नाहीत, आणि त्यांचा प्रिंटर सकाळपासून बंद आहे. तुम्ही बघता का म्हणून ते विचारतील. टिचकी मारू नका.